उशाशीं बसणारी बाई

फलटणसारख्या जुन्या गांवांतील ज्या वाड्यांत एके काळीं पंधरा-वीस पानांची पंगत बसत असे, त्यांपैकीं कित्येक वाड्यांत आज दोनच वृद्ध माणसें राहतात. थोरले चिरंजीव पुण्यास, धाकटे बंगळुरास, कन्या मेलबर्नला. मार्गशीर्षांत श्रीरामाचा रथ निघतो त्या वेळीं, किंवा माउलींची पालखी गांवांत उतरते तेव्हां, मुलें-नातवंडें येतात, चार दिवस वाडा गजबजतो आणि पुन्हां शांत होतो. एरवीं घरांत जें तिसरें माणूस असतें, तें नात्याचें नसतें. एक बाई सकाळीं आठाला येते व रात्रीं आठाला जाते. कित्येक घरांतून ती जातच नाहीं. तिला कोणी मावशी म्हणतात, कोणी ताई म्हणतात, तर कोणी नुसती 'ब्यूरोची बाई' म्हणतात. आजोबांची कूस बदलणारी, आजींना न्हाऊं घालणारी, रात्रीं दोन वाजतां हाक ऐकून उठणारी ती एकटीच असते.

वार्धक्याविषयीं मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. मुलांचीं कर्तव्यें, सुनांचे दोष, वृद्धाश्रम बरा कीं वाईट, या विषयांवर वाद झडतात. त्या सर्व चर्चेंत ही बाई कोठेंच आढळत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, वृद्धांच्या हालांचें मूळ शोधावयाचें असेल, तर प्रथम तिच्याकडे पाहिलें पाहिजे. जिच्या कामाला तासांची मर्यादा नाहीं, जिला सुटी नाहीं, शिक्षण नाहीं व आजारपणांत आधार नाहीं, तिच्या हातून उत्तम शुश्रूषा व्हावी ही अपेक्षाच चुकीची आहे. शुश्रूषा करणारीची स्थिति आणि शुश्रूषा घेणाऱ्याची स्थिति या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत. एक बिघडली कीं दुसरी बिघडतेच.

हें काम पूर्वीं कोण करीत असे?

एकत्र कुटुंबांत म्हाताऱ्या माणसांचें सर्व कांहीं आपोआप होत असे, असें आपण अभिमानानें सांगतों. परंतु घरांत आपोआप असें कांहींच होत नसतें. कोणी तरी तें करीत असतें, म्हणून तें झालेलें दिसतें. आजोबांचें अंथरूण धुवावयाचें, आजींचें पथ्य निराळें शिजवावयाचें, रात्रीं कंदील घेऊन माजघरांतून पडवीपर्यंत जावयाचें, हीं कामें धाकट्या सुनेकडे असत. आणि ज्या घरांत एखादी विधवा आत्याबाई किंवा काकू असे, तेथें तीं तिच्याकडे असत. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षीं जिचें कपाळ पांढरें झालें, ती मुलगी पुढें चाळीस वर्षें त्या घराची बिनपगारी परिचारिका होई. वर्षाकांठीं दोन लुगडीं आणि एक वेळचें जेवण हें तिचें वेतन. आणि "ती होती म्हणून मामंजींचा शेवट सुखानें झाला" हें तिचें मानपत्र. तेंही बहुधा ती गेल्यावर वाचलें जाई.

धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नानें पुण्याचें सेवासदन उभें राहिलें, आणि सेवासदनानें ससून रुग्णालयांत स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण मिळण्याची सोय केली. पांढरपेशा घरांतील विधवेनें परक्या रोग्याची मलमपट्टी करावी, ही कल्पना त्या काळच्या समाजास किती जड गेली असेल, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. परंतु त्या धाडसानें एक मोठें तत्त्व प्रस्थापित झालें. शुश्रूषेला माया लागतेच, परंतु ती एक विद्याही आहे. ती शिकावी लागते. आणि ती करणारीस वेतन व प्रतिष्ठा हीं दोन्ही मिळालीं पाहिजेत. रुग्णालयांत हें तत्त्व मान्य झालें. घराच्या उंबरठ्याच्या आंत मात्र तें अद्याप शिरलेलें नाहीं.

पुढें बालविवाह थांबले, विधवा शिकल्या, सुना नोकरीस जाऊं लागल्या. यांतील एकही गोष्ट वाईट नाहीं. सर्व आनंदाच्याच आहेत. परंतु आत्याबाईची जागा रिकामी झाली, म्हणून आत्याबाईचें काम संपलें नाहीं. उलट तें वाढलें. १९४१ ते १९५१ या दशकांत हिंदुस्थानांतील माणसाचें सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें; आज तें सत्तरीच्या घरांत आहे. २०११ च्या खानेसुमारींत साठी ओलांडलेल्या माणसांची संख्या १० कोटींहून अधिक भरली. पूर्वीं पक्षाघाताचा झटका आलेला माणूस बहुधा थोडक्या दिवसांत जाई. आज तो औषधोपचारानें वांचतो आणि पुढें आठ-दहा वर्षेंही अंथरुणावर काढूं शकतो. स्मृतिभ्रंश जडण्याइतकें वय पूर्वीं फार थोड्यांच्या वांट्यास येई. आज तें सर्रास येतें. म्हणजे करणारे हात कमी झाले आणि करावयाचें काम अनेक पटींनीं वाढलें. तो खड्डा भरून काढण्यासाठीं तालुक्यांतील किंवा शेजारच्या माणच्या कोरडवाहू खेड्यांतील बाई वाड्यांत आली आहे. पुष्कळदां ती स्वतःही विधवा किंवा परित्यक्ता असते. आत्याबाईचें कामच नव्हे, तर तिचें दैवही जणूं या बाईच्या पदरीं पडलें आहे.

बारा वेळां कूस

या कामाचें स्वरूप पुष्कळ कर्त्या पुरुषांस ठाऊक नसतें. "बसूनच तर असायचें असतें" असें म्हणणारे गृहस्थ घरोघर भेटतात. म्हणून थोडा हिशेब मांडूं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणें दर दोन तासांनीं बदलावी, असा शुश्रूषेचा प्रचलित नियम आहे. तसें न केल्यास माकडहाड, खुबे व टांचा येथील कातडीवर शरीराचा भार पडून रक्त खेळेनासें होतें, आणि शय्याव्रण पडतात. एकदां पडलेला शय्याव्रण महिनोन् महिने भरत नाहीं. तो हाडापर्यंत जाऊं शकतो, आणि त्यांतून रक्तांत विष भिनून प्राणावरही बेततें. आतां दर दोन तासांनीं म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांत बारा वेळां. त्यांतील चार-पांच वेळां रात्रींच्या. प्रत्येक वेळीं पन्नास-साठ किलोंचा निश्चेष्ट देह उचलावा, सरकवावा, पाठीशीं लोड द्यावा, खालची चादर सारखी करावी. शास्त्रशुद्ध रीतीनें चादरीच्या साहाय्यानें सरकविण्याचें ज्ञान नसेल, तर या कामानें करणारीची कंबर जाते.

शिवाय भरविणें आहे. गिळण्याची शक्ति मंद झालेल्या माणसास बसतें करून, लहान घास देऊन, प्रत्येक घास गिळला कीं नाहीं हें पाहून भरवावें लागतें. घाईनें किंवा निजवून भरविलें तर अन्न श्वासनलिकेंत जाऊन न्यूमोनिया होतो. मलमूत्र स्वच्छ करणें आहे, औषधांच्या वेळा आहेत, न्हाणीघरापर्यंत हात धरून नेणें आहे. त्यांत एक पाऊल घसरलें तर खुब्याचें हाड मोडतें, आणि तेथून कित्येकांचा शेवट सुरू होतो. स्मृतिभ्रंश झालेलें माणूस असेल तर एकच प्रश्न शंभर वेळां ऐकावा लागतो, मध्यरात्रीं दार उघडून निघालेल्यास समजावून परत आणावें लागतें, आणि चोरीचा आळ व प्रसंगीं चापटही निमूटपणें सोसावी लागते.

आतां असें घर डोळ्यांपुढें आणा कीं, जेथें हें सारें करावयास एकच बाई असून तिची 'ड्यूटी' चोवीस तासांची आहे. रात्रीं चार वेळां कूस बदलावयाची तर तिनें झोपावें केव्हां? आणि ती झोपली तर कूस कोणीं बदलावी? यांतून तिसरी वाट नाहीं. पहिले आठ-दहा दिवस ती जागते. मग तिचें शरीर बंड करतें. मग अंथरूण वारंवार ओलें होऊं नये म्हणून आजोबांना संध्याकाळनंतर पाणी कमी दिलें जातें. त्यानें मलावरोध होतो, लघवीचा विकार जडतो, आणि कमी पाण्यानेंच म्हातारें माणूस बरळूं लागतें. पुण्याहून आलेले चिरंजीव पाठीवरचा व्रण पाहून संतापतात, बाईस काढून टाकतात आणि ब्यूरोकडून दुसरी मागवितात. दुसरी येते तीही एकटीच आणि तिचीही ड्यूटी चोवीस तासांचीच. माणूस बदललें, गणित तेंच राहिलें. उत्तर निराळें कसें येणार?

कागद नसलेली चाकरी

हीं माणसें पुरविणाऱ्या ब्यूरोंचा व्यवहार सर्वत्र बहुतेक एकाच धर्तीचा असतो. घरवाला ब्यूरोस महिन्याची रक्कम देतो. ब्यूरो आपला हिस्सा ठेवून उरलेली बाईस देतो. तो हिस्सा किती, हें घरवाल्यास ठाऊक नसतें. आणि घरवाल्यानें किती दिले, हें पुष्कळदां बाईस ठाऊक नसतें. नेमणुकीचा कागद नाहीं, कामाची यादी नाहीं, सुटीचा नियम नाहीं. एक दिवस गैरहजेरी झाली तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात. रोगी वारला कीं त्याच दिवशीं तिची नोकरी संपते. ज्या आजींना तिनें दोन वर्षें न्हाऊं घातलें, त्यांच्या तेराव्यापर्यंतही थांबण्याची सोय तिला नसते. ती स्वतः तापानें पडली तर ब्यूरो बदली पाठवितो, आणि बरी होऊन आल्यावर आपली जागा गेलेली तिला दिसते.

बारा तासांची ड्यूटी सातही दिवस केली, तर आठवड्याचे ८४ तास होतात. याच फलटणला साखर कारखाना आहे, औद्योगिक वसाहत आहे. तेथील यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगारास १९४८ च्या कारखाने अधिनियमानें आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व साप्ताहिक सुटी दिली, आणि २०२० च्या संहितेनेंही ती मर्यादा कायम राखली. जादा काम केलें तर त्याचा दर दुप्पट. लोखंडाचा सुटा भाग घडविणाऱ्या माणसाच्या थकव्याची सरकारास काळजी आहे, आणि ती योग्यच आहे. कारण थकलेला कामगार यंत्रांत हात घालतो. मग जिच्या हातीं जन्मदात्या आईचा देह सोंपविला, तिच्या थकव्याची काळजी घेणारें मात्र कोणी नाहीं, यास काय म्हणावें?

पैशांहून सूक्ष्म अशा कांहीं गोष्टी आहेत. त्या आमच्या वर्गाच्या घरांतून अधिक आढळतात, म्हणून स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. जिच्या हातून आजोबा पाणी पितात, औषध घेतात, घास खातात, तिची कपबशी मोरीशेजारच्या कोनाड्यांत निराळी ठेवलेली असते. रुग्णाचें मलमूत्र तिनें काढलेलें चालतें. परंतु तिनें स्वयंपाकघरांत पाऊल टाकलेलें चालत नाहीं. याच्या उलट दुसरा प्रकार. "अहो, ती आम्हांला घरच्यासारखी आहे," असें म्हणून रुग्णाच्या सेवेबरोबर पोळ्या, भांडीं, पाहुण्यांचा चहा, दिवाळीची साफसफाई, सर्वच तिच्या गळ्यांत घातलें जातें. घरच्यासारखी म्हणून सुटी मागावयाची नाहीं, घरच्यासारखी म्हणून पगारवाढ काढावयाची नाहीं; परंतु वाटणीच्या वेळीं, आजाराच्या वेळीं, म्हातारपणीं ती पुन्हां बाहेरची. कामाच्या वेळीं आत्याबाईचें नातें आणि हक्काच्या वेळीं परकेपणा, अशी ही सोयीची मांडणी आहे.

कायद्याचा हात कोठवर पोंचतो?

वृद्धांसाठीं आपल्या देशांत कायदा नाहीं असें नाहीं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा अधिनियम २००७ सालीं झाला. त्या अन्वयें मुलें सांभाळ करीत नसतील तर आईवडिलांस उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे फलटणकरांस गांवांतल्या गांवांतच प्रांतांकडे, अर्ज करतां येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवितां येतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलास लिहून दिलेली मिळकत, त्यानें अट मोडल्यास, परत मिळण्याची तरतूद कलम २३ मध्यें आहे. कलम १९ प्रमाणें राज्यानें प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक असा, किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल एवढा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्यानें उभारावयाचा आहे. २०१८ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही वृद्धाश्रम व निवृत्तिवेतन यांकडे लक्ष देण्याविषयीं सरकारास बजाविलें.

हा कायदा चांगला आहे. परंतु तो वाचतांना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पैसा कोणीं द्यावा हें त्यांत आहे, इमारत कोणीं बांधावी हें त्यांत आहे. परंतु त्या इमारतींत रात्रीं किती माणसें जागीं असावींत, त्यांना काय येत असावें, त्यांना वेतन किती मिळावें, हें त्यांत नाहीं. दीडशें वृद्धांची सोय होऊं शकते. परंतु त्यांच्यामागें रात्रपाळीस दोनच मावश्या असतील, तर ती सोय कागदावरचीच ठरते. २०१९ च्या डिसेंबरांत या कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक लोकसभेंत मांडलें गेलें. वृद्धगृहांची, तसेंच घरपोंच शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी आणि त्यांच्यासाठीं किमान दर्जा ठरवावा, असा त्याचा एक हेतु होता. म्हणजे ब्यूरोंचा कारभार प्रथमच कोणाच्या तरी नजरेखालीं आला असता. परंतु २०२४ सालीं ती लोकसभा विसर्जित झाली, तोंवर तें विधेयक संमत झालें नाहीं.

दुसऱ्या बाजूनें, म्हणजे काम करणारीच्या बाजूनें पाहूं. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. १८ ते ६० वर्षें वयाच्या घरकामगारांनीं नांव नोंदवावें आणि मंडळाच्या योजनांचा लाभ घ्यावा, अशी ती व्यवस्था आहे. परंतु हा कायदा मुख्यतः साहाय्याचा आहे. कामाचे तास, आठवड्याची सुटी, वेतन यांची हमी देणारा नव्हे. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें २०११ सालीं घरकामगारांसाठीं जो करार केला, त्यांत आठवड्यास सलग २४ तासांची विश्रांति असावी असें म्हटलें आहे. हिंदुस्थाननें त्या कराराच्या बाजूनें मत दिलें. परंतु त्यास बांधून घेतलेलें नाहीं. २०२५ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें घरकामगारांसाठीं स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिति नेमावी, असा निर्देश केंद्रास दिला. एवंच, वृद्धांचा कायदा शुश्रूषा करणारीस ओळखत नाहीं, आणि घरकामगारांचा कायदा शुश्रूषा म्हणजे काय हें ओळखत नाहीं. या दोहोंच्या मधल्या फटींत ती उभी आहे.

श्रीमंत देशांचा अनुभव

परदेशीं सर्व कांहीं आलबेल आहे, अशी कोणाची समजूत असेल तर तीही दूर केली पाहिजे. ज्या ऑस्ट्रेलियांत आमच्या कित्येक वाचकांचीं मुलें स्थायिक झालीं आहेत, तेथें वृद्धगृहांच्या तक्रारी वाढल्यामुळें २०१८ सालीं शाही चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचें शीर्षक एकाच शब्दाचें होतें. 'हेळसांड' असा त्याचा अर्थ. २०२१ सालीं आलेल्या अंतिम अहवालांत १४८ शिफारशी होत्या. अशा देशांतही रोगाचें मूळ निघालें तें हेंच: माणसें थोडीं, त्यांचें शिक्षण अपुरें, वेतन तुटपुंजें.

त्यांनीं पुढें केलेल्या उपायांपैकीं दोन आमच्या विचारास उपयोगी आहेत. एक, वृद्धगृहांतील प्रत्येक वृद्धामागें दररोज सरासरी किती मिनिटांची प्रत्यक्ष शुश्रूषा झालीच पाहिजे, याचा आंकडा सरकारनें ठरविला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो २१५ मिनिटांचा आहे. दुसरा, २०२३ च्या जूनअखेरीपासून प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्यांच्या वेतनांत शेंकडा १५ वाढ केली. सेवेचा दर्जा सुधारावयाचा तर सेवकाचे तास आणि वेतन यांपासूनच आरंभ करावा लागतो, हें त्यांस उमगलें.

जपाननें २००० सालीं वृद्धशुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. चाळिशी गांठल्यापासून प्रत्येकानें वर्गणी भरावयाची, आणि वार्धक्यांत गरजेप्रमाणें घरीं किंवा संस्थेंत सेवा मिळवावयाची. तेथेंही शुश्रूषा करणाऱ्या माणसांचा तुटवडा आहे. परंतु खर्चाचा सारा भार एकट्या घरावर पडत नाहीं. आपल्या देशांत केरळानें २००८ सालीं वेदनाशामक व आधारदायी शुश्रूषेचें धोरण ठरविलें. तेथें ग्रामपंचायतींच्या परिचारिका घरोघर जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांस पाहतात. एक परिचारिका आठवड्यांतून वा पंधरवड्यांतून जरी घरीं आली, तरी व्रण वेळीं दिसतो, आणि उशाशीं बसणाऱ्या बाईस चार गोष्टी शिकविणारें कोणी भेटतें. केरळ कांहीं श्रीमंत देश नव्हे. तेथें जें होऊं शकलें, तें सातारा जिल्ह्यांत होणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं.

परवडत नाहीं त्यांनीं काय करावें?

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. शाळेंतून निवृत्त झालेल्या शिक्षकाचें निवृत्तिवेतन तें किती? एका बाईचा पगार देतांनाच तें अर्धें संपतें. दोन बायका ठेवाव्या कशा? ज्यांना निवृत्तिवेतनच नाहीं, त्यांची तर गोष्टच नको. हा आक्षेप मान्य करूनच आम्ही म्हणतों कीं, हा भार एकट्या घरानें वाहण्याजोगा राहिलेला नाहीं. प्रसूति एके काळीं घराच्या अंधाऱ्या खोलींत होत असे. पुढें समाजानें तिची जबाबदारी पत्करली, म्हणून सूतिकागृहें झालीं, सुइणी शिकल्या आणि बाळंतिणी वांचल्या. वार्धक्याचें तसेंच झालें पाहिजे. त्यासाठीं शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी, उपजिल्हा रुग्णालयांतून शुश्रूषेचे शिक्षणवर्ग, आणि घरीं फिरती परिचारिका, या तीन मागण्या आपण मतें मागावयास येणाऱ्या प्रत्येकापुढें ठेविल्या पाहिजेत. केंद्र सरकारच्या कौशल्यविकासांत घरगुती रुग्णसेवेचा अभ्यासक्रम आहे; तो तालुक्याच्या गांवीं चालवा, असें म्हणण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

परंतु सरकार जागें होईपर्यंत घरानें स्वस्थ बसावें असें नाहीं. पुष्कळ गोष्टींस पैसा थोडा व विचार अधिक लागतो. आठवड्यांतून एक पुरा दिवस बाईस सुटी द्यावी, आणि त्या दिवशीं पुण्याच्या मुलानें किंवा सुनेनें, तें न जमल्यास शेजारच्या पुतण्यानें, उशाशीं बसावें. बारा तास वडिलांची सेवा केल्यावर बाईविषयींच्या अर्ध्या तक्रारी आपोआप गळून पडतील, अशी आमची खात्री आहे. रात्रींची चार वेळची कूस घरांतील माणसांनीं वांटून घ्यावी. पगार, तास, सुटी व करावयाचीं कामें एका कागदावर लिहून दोघांनीं सही करावी; त्यांत पोळ्या व धुणें असेल तर तेंही लिहावें आणि त्याचे पैसे निराळे द्यावे. पगार तिच्या स्वतःच्या बँकखात्यांत जावा. घरेलू कामगार मंडळांत तिचें नांव नोंदविण्यास मदत करावी. वर्षाकांठीं वीस रुपयांत दोन लाखांचा अपघातविमा सरकारी योजनेंत मिळतो. तेवढे वीस रुपये घरानें भरावे. पाठीला आधार देणारी खाट व डोकें वर करतां येईल असा पलंग भाड्यानें मिळतो. त्यानें तिची कंबर वांचते आणि आजोबांची पाठही. तिला निजावयास स्वच्छ जागा, बसून जेवावयास ताट, आणि घरांतील सर्वांना जी कपबशी तीच तिला. यास तर एक पैसाही लागत नाहीं.

गांवांतील महिला मंडळांसही येथें मोठें काम आहे. हळदीकुंकू व व्याख्यानें होतच असतात. त्यांच्या जोडीला महिन्यांतून एक वर्ग असा घ्यावा कीं, ज्यांत अनुभवी परिचारिकेनें कूस कशी बदलावी, कसें भरवावें, व्रण कसा ओळखावा हें शिकवावें, आणि त्या वर्गास घरची सून व पगारी बाई यांनीं शेजारीं शेजारीं बसावें. दहा घरांनीं मिळून एक बदलीची बाई कायम पगारावर ठेविली, तर दहाही घरांतील बाईंस आळीपाळीनें सुटी देतां येईल. बुडीत कर्ज काढण्यापूर्वीं आणि वृद्धाश्रमाचा पत्ता शोधण्यापूर्वीं एवढें तरी करून पाहण्यासारखें आहे.

शेवटीं एक विचार वाचकांपुढें ठेवतों. आज चाळिशींत असलेली ही बाई आणखी पंचवीस वर्षांनीं स्वतः म्हातारी होईल. तिची कंबर तोंपर्यंत आमच्या वडिलांस उचलून मोडलेली असेल. तिला निवृत्तिवेतन नसेल, वाडा नसेल, मेलबर्नला कन्या नसेल. वयाची ६५ वर्षें पुरीं झालीं आणि घरचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असल्याचा दाखला मिळाला, तर सरकारच्या योजनेंतून तिला आजच्या दरानें महिन्यास १,५०० रुपये मिळतील. त्या योजनेस आपण श्रावण बाळाचें नांव दिलें आहे. आईबापांची कावड स्वतःच्या खांद्यावर वाहणाऱ्या त्या मुलाची गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या मुलांस सांगत आलों. आज आपली कावड आपण दुसरीच्या खांद्यावर दिली आहे. देण्यास इलाज नव्हता हें खरें. परंतु ती कावड वाहतांना तो खांदा दुखतो कीं नाहीं, हें वळून विचारण्यास कोणाची आडकाठी होती?